सुभेदाराच्या टाकीचे झाकण

सारे विश्व ज्याच्या तळहाती मावते आणि जो स्वतः भक्ताच्या तळहाती मावतो, त्या इष्टलिंगरूपी शिवाला प्रथम वंदन. मुक्या देहांतूनही ज्याचे स्मरण अखंड चालते, त्यालाच दुसरे वंदन. आता श्रोत्यांनी चित्त द्यावे. कथा उदगीरची आहे, आणि एका झाकणाची आहे.

१

उदगीरच्या बाजारात गुरुबसप्पांचे भांड्यांचे दुकान होते आणि त्याची ख्याती झाकणांसाठी होती. गिऱ्हाईक डबा निरखून पाही, गुरुबसप्पा झाकण निरखून पाहत. पिठाचा डबा असो, दुधाची चरवी असो की तीर्थाची लोटी, ते झाकण लावून भांडे कानाजवळ धरत, बोटाची एक टिचकी मारत आणि निकाल देत: हे बसले आहे, किंवा, हे नुसते ठेवले आहे. नुसते ठेवलेले झाकण त्यांनी आयुष्यात कुणाला विकले नाही. लेकीच्या संसाराची भांडी घ्यायला देवणी-जळकोटाहून माणसे येत, ती या टिचकीवरच्या विश्वासाने.

दुकान आता पुतण्या पाहत होता. सत्तरी ओलांडलेल्या गुरुबसप्पांच्या वाट्याला सकाळची पूजा उरली होती, आणि तीत त्यांचा दिवस पुरेपूर भरून जाई. देवघर अरुंद, म्हणून ते समोरच्या बैठकीत पाटावर बसत. कपाळी भस्माच्या तीन रेषा ओढून गळ्यातला चांदीचा करंडा उघडत आणि त्यातले इष्टलिंग डाव्या तळहातावर घेत. उजव्या हाताच्या तीन बोटांनी त्यावर भस्म रेखत. मग त्या सुपारीएवढ्या काळ्या गोलाईवर दृष्टी अशी स्थिर करत, की दारावर आलेला दूधवालाही पाऊल न वाजवता परत फिरे.

त्यांच्या पाटाशेजारी दुसरा एक पाट भिंतीला टेकून उभा असे. तो मल्लिकार्जुनचा. बाप-लेक अनेक वर्षे शेजारी बसून पूजा करत आले होते. गेल्या चैत्रात, पूजा आटोपून समोरची माशाची टाकी धूत असताना मल्लिकार्जुन छातीवर हात ठेवून खाली बसला आणि लातूर गाठण्याआधीच लिंगैक्य झाला. चाळिशीही त्याने पाहिली नव्हती.

मागे राहिली त्याची बायको स्वप्नाली, आणि त्याचा मासा.

त्या माशाचे वर्णन करताना वाणी थोडी सैल सोडावी लागेल. मल्लिकार्जुनने हैदराबादहून आणला तेव्हा तो बोटभर होता. आता हातभर झाला होता. जात अरोवाना. अंगावरचा एकेक खवला रुपेरी, आणि प्रत्येकाच्या कडेवर सोन्याची बारीक जर. हनुवटीखाली दोन मिशा. सहा फुटी टाकीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला तो जाई तेव्हा घाई म्हणून नसे. वळताना नुसता देह झुके, आणि वळण पूर्ण होई. मिशांमुळे आणि या चालीमुळे मल्लिकार्जुनने त्याचे नाव सुभेदार ठेवले होते. शुद्ध शाकाहारी घरात हा मांसाहारी पाहुणा आला, तेव्हा गुरुबसप्पांच्या पत्नी गंगम्मा हयात होत्या. त्यांनी मुलाला ऐकवले होते की सुभेदाराला जेवायला बाहेर जायला सांग. मग मल्लिकार्जुनने त्याला कोरड्या गोळ्यांची सवय लावली. त्या गोळ्यांत काय असते, हे गुरुबसप्पांनी कधी विचारले नाही आणि मुलाने कधी सांगितले नाही.

आता त्या गोळ्या स्वप्नाली घाली. वर्षभरात ती माणसांशी जेवढे बोलली नव्हती, तेवढे त्या माशाशी बोलली होती.

२

मल्लिकार्जुनचे पहिले पुण्यस्मरण झाले, पाहुणे पांगले, आणि त्यानंतरच्या सकाळी सुभेदाराने पहिली उडी मारली.

गुरुबसप्पा पूजेत होते. लिंग नुकतेच तळहातावर आले होते. टाकीवर काचेच्या दोन पट्ट्या आडव्या ठेवलेल्या असत; त्यांतली एक सरकल्याचा आवाज झाला, आणि मग ओल्या कापडाचा पिळा फरशीवर आपटावा तसा एक जड आवाज. त्यांनी दृष्टी वर केली. मासा फरशीवर होता. तडफडत नव्हता. आडवा पडून, एक डोळा वर करून, तो त्यांच्याकडे पाहत होता. आणि टाकीपासून फरशीवर जी ओल उमटली होती, ती त्यांच्या पाटाच्या दिशेने आली होती.

स्वप्नाली स्वयंपाकघरातून धावली. तिने बादलीतला पंचा पिळलाही नाही, तसाच त्याच्यावर टाकला, बाळाला उचलतात तसा दोन्ही हातांनी त्याला उचलला आणि पाण्यात सोडला. तो क्षणभर कुशीवर तरंगला, मग सावरला. ती मात्र सावरली नाही. टाकीला कपाळ टेकवून ती म्हणाली, "मामा, हा गेला तर ह्या घरात मी कुणाच्या नावानं राहू?"

गुरुबसप्पांना त्या प्रश्नाचा अर्थ ठाऊक होता. तिच्या पदरी मूल नव्हते. जळकोटाहून तिचे वडील दर सणाला येत आणि लेकीला घेऊन जाण्याची गोष्ट मोठ्या अदबीने काढत. ती दर वेळी एकच उत्तर देई, की सुभेदाराला खाऊ कोण घालणार. लोक ते ऐकून हसत. सासरे कधी हसले नव्हते. मल्लूच्या हातचे खाल्लेला तेवढा एकच जीव त्या घरात उरला होता, आणि त्याच्या आधाराने दुसरा एक जीव उभा होता.

"असं झाकण बसवतो," ते म्हणाले, "की पाणीसुद्धा विचारून बाहेर येईल."

हे बोलताना त्यांनी सरकलेली काचेची पट्टी उचलली. तिच्या खालच्या अंगाला, म्हणजे पाण्याकडच्या बाजूला, पुसट पांढऱ्या तीन रेषा होत्या. आडव्या, समांतर. बोअरचे पाणी क्षाराचे असते. भांडीवाल्याला हे वेगळे सांगायला नको. त्यांनी पंच्याने त्या पुसल्या.

३

देवणीचा वैजनाथ ॲल्युमिनियमच्या खिडक्या आणि मच्छरजाळ्या बसवणारा. कामात चोख, आणि स्वतःच्या कामाची तारीफ दुसऱ्यावर सोपवायची नाही, असा त्याचा नेम. "शरणार्थी अप्पा," असा नमस्कार करत तो आला, टाकीभोवती फिरला, आणि माशाला म्हणाला की सुभेदार, तुमचा किल्ला आता मी बांधणार.

पुढचे दिवस त्या बैठकीत झाकणशास्त्राची चर्चा चालली. तशी चर्चा त्या गावात पूर्वी झाली नसेल. गुरुबसप्पांनी लातूरच्या मासेवाल्या आनंदराजांना फोन करून सगळे समजून घेतले. आनंदराजांनी सांगितले की हा मासा रानातल्या नदीत फांदीवरचा किडा झेपेत उचलतो. उडी हा त्याचा स्वभाव आहे, आणि जिथे दोन बोटांची फट दिसेल तिथून तो जाईल. पाणी काठापासून वीतभर खाली ठेवा. जाळी लावू नका, मिशा तुटतात, खवले सोलतात. पातळ काच धडकेने तडकते. आणि नळी जिथून आत जाते तो कोपरा विसरू नका. बहुतेक मासे त्याच कोपऱ्यातून निसटून मरतात.

पहिला प्रयोग प्लास्टिकच्या पारदर्शक पत्र्याचा झाला. तो हलका होता, तडकणारा नव्हता, म्हणून वैजनाथला पसंत होता. गुरुबसप्पांनी टिचकी मारली आणि मान हलवली. वैजनाथ दुखावला. पण पाण्याच्या वाफेने तो पत्रा थोड्याच दिवसांत पापडासारखा मधोमध वाकला आणि कडेला फट पडली. तोवर त्यावर वजन म्हणून स्वप्नालीने वरवंटा ठेवला होता. एका सकाळी वरवंट्यासकट पत्रा उचलला गेला. मासा अर्धा बाहेर आला आणि परत आत पडला.

वैजनाथने पत्रा उतरवला, उलटा केला, आणि खालच्या बाजूच्या पांढऱ्या रेषांवरून अंगठा फिरवला.

"तुमच्या बोअरचं पाणी लई वंगाळ हाय अप्पा. लिंबानं घासा."

"तीनच का रे येतात?"

"क्षार काय मोजून बसतो का?" वैजनाथ हसला. गुरुबसप्पाही हसले. क्षार त्यांनी आयुष्यभर पाहिला होता. तो घागरीच्या गळ्याशी कडे धरून बसतो, पातेल्याच्या तळाशी चकत्या करतो. तीन बोटे ओढल्यासारखा कधी उमटत नाही. हा विचार त्यांच्या मनात आला, आणि त्यांनी तो तिथेच ठेवून लिंबू आणायला सांगितले.

४

उडीची वेळ त्यांच्या ध्यानात उशिरा आली, कारण ती वेळ त्यांची स्वतःची होती आणि त्या वेळी त्यांचे ध्यान दुसरीकडे असे.

मासा दिवसभर शांत राही. गोळ्या खाताना शांत, दिवा लावताना शांत. सकाळी मात्र, करंड्यातून लिंग तळहातावर आले की वर दोरीने बांधून ठेवलेल्या त्या पत्र्यावर धडक बसे. विवेकी माणसाने अशा वेळी आधी साधे कारण शोधावे. घंटेच्या नादाने तो बिचकत असेल, म्हणून त्यांनी घंटा वाजवणे थांबवले. समईच्या ज्योतीला तो किडा समजत असेल, म्हणून समई आत नेली. सकाळची ती वेळच त्याच्या भुकेची असेल, म्हणून एके दिवशी पूजा दुपारवर ढकलली. धडक दुपारी बसली.

शेवटी त्यांनी टाकीवर जाड चादर टाकली, स्वप्नालीला तिच्याशेजारी बसवले आणि स्वतः आतल्या कोठीच्या खोलीत जाऊन दार लावून घेतले. तिथे ज्वारीच्या पोत्यांच्या मध्ये पाट मांडून त्यांनी करंडा उघडला. लिंग हाती घेतले. दाराबाहेरून, दोन भिंतींपलीकडून, धडक ऐकू आली. लिंग करंड्यात ठेवून त्यांनी झाकण लावले, आणि घर शांत झाले. मग पुन्हा लिंग बाहेर काढले.

धडक.

आपण देवाला कसोटीचा दगड केले, याची त्यांना त्या क्षणी भीतीपेक्षा अधिक लाज वाटली. हात जोडून त्यांनी क्षमा मागितली आणि दार उघडले. स्वप्नाली चादरीचे टोक उचलून टाकीत पाहत होती. तिचा चेहरा उतरला होता.

"मामा, उडी मारायच्या आधी तो उभा राहिला."

"उभा म्हणजे?"

"उभा. तोंड वर, शेपूट खाली. माणूस बसतो तसा." चादर सोडून ती म्हणाली, "आणि हलत न्हवता."

आनंदराजांना पुन्हा फोन गेला. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते, ती बिघडली की तो तोल जाऊन उभा तरंगतो, असे त्यांनी सांगितले. कारण पटण्यासारखे होते. गुरुबसप्पांनी ते स्वप्नालीला सांगितले, स्वप्नालीने मान डोलावली, आणि दोघांनीही एकमेकांकडे पाहणे टाळले.

त्या दुपारी त्यांना चैत्रातली ती सकाळ आठवत राहिली. मल्लूच्या करंड्याची कडी महिनोन्महिने सैल होती. सोनाराकडे जाऊन ये, असे ते म्हणत आणि मुलगा उद्या म्हणे. तो कोसळला तेव्हा गळ्यातला शिवदोर तुटलेला होता, करंडा टाकीच्या पायाशी उघडा पडला होता आणि आत लिंग नव्हते. फरशी पाहिली, मोरी पाहिली, लातूरला नेलेल्या गाडीतला केरसुद्धा पाहिला. टाकीतही पाहिले; तिच्या तळाशी वाळू नव्हती, रिकामी काच एका दृष्टीत दिसत होती. आपल्या लिंगायत रीतीप्रमाणे त्याला समाधीत बसवले तेव्हा डाव्या तळहातावर लिंग ठेवणे आले. मठातून आणलेले नवे लिंग स्वामींनी मंत्रून दिले, दोष नाही असे सर्वांदेखत सांगितले, आणि गुरुबसप्पांनी ते स्वहस्ते ठेवले. मुलाची बोटे त्याभोवती मिटवताना त्यांच्या मनात एकच गोष्ट होती: आयुष्यभर लोकांची झाकणे तपासली, आणि हे एक तपासायचे राहिले.

म्हणूनच हे झाकण बसायला हवे होते.

५

वैजनाथने या वेळी अंग झाडून काम केले, आणि त्या कामाचे कौतुक करावे तेवढे थोडे. टाकीच्या काठावर ॲल्युमिनियमची चौकट, चौकटीत रबराची पट्टी, तिच्यावर जाड, भट्टीत कडक केलेली काच. मागच्या बाजूला बिजागऱ्या, म्हणजे झाकण दारासारखे वर उघडेल. पुढे दोन खिट्या. नळीच्या कोपऱ्याला त्याने नळीच्याच मापाचे भोक पाडले होते, त्यातून मुंगीही वाट काढू शकली नसती.

"अप्पा, हे झाकण न्हाई, हे तिजोरीचं दार हाय," तो म्हणाला. "आणि खिट्या बाहेरून लागतेत. आतून कुणाच्या बापाला निघायच्या न्हाईत."

गुरुबसप्पांनी झाकण मिटले, खिट्या लावल्या, कान जवळ नेला आणि टिचकी मारली. आवाज भरीव, आखूड, कुठेही न थरथरणारा आला. असे झाकण त्यांनी दुकानात चार-दोनदाच ऐकले असेल.

"बसले," ते म्हणाले.

वैजनाथ त्या एका शब्दाने इतका सुखावला की चहा न पिताच निघाला.

दुसऱ्या सकाळी धडक बसली आणि झाकण हलले नाही. तिसऱ्या सकाळी, चौथ्या सकाळीही हलले नाही. मासाही हटला नाही. तेवढ्या देहाने, तळापासून उसळून, तो रोज त्याच एका क्षणी त्याच काचेवर जात होता; एकदाच, आणि पूर्ण बळाने. धडकून खाली येई, पुन्हा उभा राही आणि गुरुबसप्पांची पूजा संपेपर्यंत तसाच निश्चल राही. त्याची पापणी नसलेली दृष्टी तळहातावरून ढळत नसे. गुरुबसप्पांचे मन मात्र आताशा ढळू लागले होते, आणि आपल्यापेक्षा समोरच्याची दृष्टी अधिक स्थिर आहे हे त्यांना उमगले होते. संतांनी भक्ताला माशाची उपमा दिली, ती पाण्यावाचून तळमळतो म्हणून. पाण्यात असूनही तळमळणारा मासा त्यांनी ऐकला नव्हता.

एका आठवड्याने त्याचे तोंड फुटले. एक मिशी मुळापासून गेली. पाण्यात रक्ताचा बारीक दोरा तरंगला, आणि स्वप्नालीने हातातली गोळ्यांची डबी खाली ठेवली.

"ठेवलेलं झाकण असतं तर तो फरशीवर मेला असता," ती हळू म्हणाली. "बसलेलं झाकण त्याला रोज थोडं थोडं मारतंय, मामा."

गुरुबसप्पांनी झाकणावर हात ठेवला. पूजा सोडणे त्यांच्या हाती नव्हते. प्राण जाईपर्यंत ती सुटत नाही. झाकण काढणे म्हणजे सुभेदार जमिनीवर, आणि स्वप्नाली जळकोटाच्या वाटेवर. झाकण ठेवणे म्हणजे तेच, थोड्या सावकाशीने.

विचार करत ते टाकीवर वाकले, आणि काचेच्या खालच्या अंगाला त्यांना रेषा दिसल्या. खिट्या लागलेल्या होत्या. त्या आदल्या संध्याकाळी त्यांनीच लावल्या होत्या. रेषा कालच्यापेक्षा ठळक होत्या. पाण्याची वाफ भोवतीच्या साऱ्या काचेवर दाटून थेंबथेंब झाली होती; तीन रेषांवर मात्र एकही थेंब नव्हता. त्या कोरड्या होत्या. गुरुबसप्पांनी काचेच्या वरून त्यांवर आपल्या उजव्या हाताची मधली तीन बोटे ठेवली.

माप जवळजवळ जुळले. त्या रेषा किंचित रुंद हाताच्या होत्या. मल्लूचा हात बापापेक्षा रुंद होता.

त्यांनी हात मागे घेतला, आणि मोठ्याने, स्वतःलाच ऐकू जाईल असे म्हणाले, "क्षार."

६

त्यांनी दुसऱ्या दिवशी जे केले ते धैर्याचे होते की भक्तीचे, हे सांगणाऱ्याने ठरवू नये.

त्यांनी आपला पाट उचलून टाकीला लागून मांडला, त्यावर लाकडी चौरंग ठेवला आणि त्यावर बसले. आता त्यांचा हात टाकीच्या काठाच्या उंचीवर येत होता. स्वप्नालीला त्यांनी ओला पंचा घेऊन दाराशी उभे केले.

"तो बाहेर आला तर झेल. माझ्याकडे बघू नको, त्याच्याकडे बघ."

"आणि तुम्ही?"

"मी करंडा उघडतो."

आधी त्यांनी टाकीच्या खिट्या काढल्या. झाकण बिजागरीवर वर उचलून भिंतीला टेकवले. उघड्या पाण्यावरून गार हवा त्यांच्या हनुवटीला लागली, आणि तिच्यात पाण्याचा, शेवाळाचा वास असायला हवा होता. वास भस्माचा होता. त्यांनी आपल्या कपाळाला लावलेल्या भस्माचा तो असेल, असे मनाशी म्हटले; मग आठवले, की चित्ताच्या गडबडीत आज भस्म लावायचेच राहिले होते.

करंडा उघडला. लिंग डाव्या तळहातावर घेतले. हात पाण्यावर धरला.

मासा तळाशी होता. तो वळला, आणि हळूहळू, शेपूट खाली आणि तोंड वर करत, उभा झाला. उडी त्याने मारली नाही. पाणी चढावे तसा तो वर चढत आला, आणि फुटलेले तोंड पाण्याबाहेर येऊन बरोबर त्यांच्या तळहाताखाली थांबले. खिडकीतून कोवळे ऊन तिरपे टाकीत शिरले होते. त्या उन्हात त्याच्या गळ्याखालचा भाग पातळ कागदासारखा उजळला, आणि आत, माणूस करंडा जिथे घालतो त्या जागी, एक गोल काळी सावली दिसली.

मग त्याने तोंड उघडले.

अरोवानाचे तोंड केवढे उघडते, हे ज्याने पाहिले नाही त्याला सांगून कळणार नाही. ते दार उघडावे तसे उघडले, आणि खोल आत, गुलाबी गळ्याच्या तळाशी, ते होते. सुपारीएवढे, काळे, गुळगुळीत. वर्षभर पाण्यात आणि देहात राहिलेले. त्यावर भस्माच्या तीन रेषा होत्या. पांढऱ्या शुभ्र, आणि कोरड्या. आत्ताच कुणी बोटे उचलली असावीत, तशा ताज्या. मधल्या रेषेचे टोक अजून पुढे सरकत होते.

गुरुबसप्पांनी एवढेच पाहिले. कारण मग त्यांनी ते केले, जे अशा प्रसंगी त्यांच्या वाडवडिलांनीही केले असते: त्यांनी डोळे मिटले आणि पंचाक्षरी म्हटली. ती म्हणताना त्यांना आपल्या आवाजाखाली, पाण्यातून यावा तसा, दुसरा एक आवाज ऐकू आला. तो त्यांच्या मागे पडत नव्हता, पुढेही जात नव्हता. मल्लू लहानपणापासून असाच म्हणे, बापाच्या श्वासाला श्वास लावून.

डोळे उघडले तेव्हा तोंड मिटलेले होते, आणि मासा पाण्यात आडवा होऊन संथपणे दुसऱ्या टोकाला चालला होता.

"उडी न्हाई मारली मामा," दाराशी स्वप्नाली म्हणाली. तिचे डोळे भरले होते. तिला तेवढेच दिसले होते. "काय पायजे होतं त्याला?"

गुरुबसप्पांनी आधी लिंग करंड्यात ठेवले आणि कडी लावली. मग टाकीचे झाकण भिंतीवरून काढून दोन्ही हातांनी खाली आणले, अगदी हळू, देवाच्या पेटीचे आणतात तसे.

"शेजार," ते म्हणाले.

७

करंड्याला झाकण असते, ते देव पळून जाईल म्हणून नसते. आत जे आहे त्याचा मान राहावा, आणि वेळ झाली की ते आपल्या हाताने उघडावे, एवढ्यासाठी असते. आयुष्यभर झाकणे विकलेल्या माणसाला हे सत्तरी उलटल्यावर कळले, यात त्याचा कमीपणा नाही. कित्येकांना ते कळतही नाही.

तेव्हापासून त्या घरात रोज सकाळी दोन झाकणे उघडतात आणि दोन मिटतात. सुभेदाराचे तोंड भरून आले. गेलेली मिशी पुन्हा फुटली, आखूड आहे, पण आहे. झाकण पूर्वीसारखेच बसते, आणि पूजेबाहेरच्या वेळी त्याच्या खिट्या कधी उघड्या राहत नाहीत, कारण मासा शेवटी उडी मारणाराच आहे आणि फरशी शेवटी फरशीच आहे. जळकोटाहून वडील आले तेव्हा स्वप्नालीने त्यांना जेवू घातले, आणि मी इथेच बरी आहे, असे या वेळी सुभेदाराचे नाव न घेता सांगितले.

एकदा वैजनाथ आपले काम पाहायला म्हणून येऊन गेला. काचेखालच्या रेषा पाहून त्याने पुन्हा लिंबू सुचवले. गुरुबसप्पांनी त्याला चहा दिला. ते आता त्या पुसत नाहीत, आणि क्षार हा शब्दही उच्चारत नाहीत.

भिंतीला टेकलेला दुसरा पाट एके दिवशी स्वप्नालीने आपणहून उचलला आणि सासऱ्यांच्या पाटाशेजारी मांडला. सकाळी पूजा आटोपली की ती तो पुन्हा भिंतीला उभा करते. उभा करण्याआधी पदराने कोरडा पुसते. तो ओला का असतो, हे तिने विचारले नाही. आणि तिला काय ठाऊक आहे, हे गुरुबसप्पांनीही विचारले नाही.

श्रोतेहो, ही कथा इथे मिटते. ज्यांनी ती ऐकली त्यांच्या घरातल्या प्रत्येक भांड्याला त्याचे झाकण लाभो, आणि प्रत्येक झाकणाला उघडणारा मायेचा हात लाभो. तुमचे जे हरवले असेल, ते कुठल्यातरी कंठी जपलेले असो. तुमच्या उंबऱ्याआतली माणसे, गोठ्यातली जनावरे आणि पाण्यातले जीव आपापल्या जागी सुखात नांदोत. तुमच्या शेजारचा पाट कधी रिता न राहो. आणि ज्याच्या तळहाती सारे आहे, तो तुमच्या तळहाती येऊन बसो.